पाउंड, किलो, टन, न्यूटन: बळाची एककं बदलताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये परदेशी गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं की बळ पाउंडात दिलेलं असतं, टेस्ट बेंचवरचा गेज किलो प्रति चौरस सेंटीमीटरचा असतो आणि रिपोर्ट मागितलेला असतो किलोन्यूटनमध्ये. यातली आकडेमोड सोपी आहे. हातातला आकडा कशाचा आहे हे न बघता कॅल्क्युलेटर हातात घेतला की घोळ होतो.

नेहमी दिसणारी चूक म्हणजे 500 पाउंडाला 0.4536 ने गुणून पुढे 226.8 न्यूटन लिहिणं. ते उत्तर किलोग्रॅम-फोर्सचं आहे (1 किलोच्या वजनाचं बळ, म्हणजे 9.81 न्यूटन). न्यूटन हवे असतील तर थेट 4.448 ने गुणा, 2224 येतात. उत्तर साधारण दहापट कमी दिसलं की आधी इथेच शोधा. दहापट जास्त आलं असेल तर न्यूटनमध्ये आलेल्या आकड्याला कुणीतरी पुन्हा 9.81 ने गुणलेलं असतं.

9.81 ऐवजी 10 धरणं अंदाजापुरतं चालतं, रिपोर्टात नाही. फरक जवळपास 2 टक्क्यांचा पडतो. क्लास 1 च्या यूटीएमला (ताण-दाब देऊन ताकद तपासणाऱ्या मशीनला) चुकीची मुभाच मुळी 1 टक्क्याची असते. तिथे 9.80665 च वापरा.

सगळ्यात महागात पडतो तो टन. 4 इंच बोअरचा (आतल्या व्यासाचा) हायड्रॉलिक सिलिंडर 3000 पीएसआयवर (पाउंड प्रति चौरस इंच दाबावर) घ्या. पिस्टनचं क्षेत्रफळ 12.566 चौरस इंच, बळ 37,699 पाउंड-फोर्स, म्हणजे 167.7 किलोन्यूटन. हेच बळ अमेरिकन टनात (2000 पाउंड) 18.85, ब्रिटिश टनात (2240 पाउंड) 16.83 आणि आपल्या मेट्रिक टनात (1000 किलो) 17.10. ड्रॉइंगवर नुसतं ‘18.85 टन’ असेल आणि टेस्ट करणाऱ्याने ते मेट्रिक धरलं, तर तेवढं बळ काढायला तो दाब 3300 पीएसआयच्या वर नेणार. सील गळायला लागलं की दोष सीलवाल्याच्या माथी जातो, चूक मात्र कागदावर झालेली असते. गिऱ्हाइकाला मेल करून विचारा: टन कुठला? आणि नेमप्लेटवर किलोन्यूटनच कोरा.

याच सिलिंडरचा हिशेब मिलिमीटरमध्ये करताना आणखी एक घसरण होते. लांबीला 25.4 लागतं, पण क्षेत्रफळाला 645.16. चौरस इंचाला 25.4 ने गुणलंत तर बळ पंचवीसपट कमी येईल. बरोबर केलंत तर 8107 चौरस मिलिमीटर गुणिले 20.68 मेगापास्कल, म्हणजे पुन्हा 167.7 किलोन्यूटन. दोन वाटांनी एकच उत्तर आलं तरच आकडा पुढे द्या. आणि 4 इंच म्हणजे 100 मिलिमीटर धरू नका. बोअर 101.6 आहे, क्षेत्रफळात 3 टक्क्यांहून जास्त फरक पडतो.

स्ट्रक्चरच्या अमेरिकन ड्रॉइंगवर ‘किप’ दिसलं तर ते 1000 पाउंड-फोर्स, म्हणजे 4.448 किलोन्यूटन.

टॉर्कमध्ये इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यांत बारापट अंतर आहे. 120 इंच-पाउंड म्हणजे 13.56 न्यूटन-मीटर, तेच फूट-पाउंड समजून पाना 162.7 न्यूटन-मीटरवर लावला तर 8 मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या कितीतरी आधीच तुटतो. बऱ्याच टॉर्क रेंचवर दोन स्केल असतात, म्हणून सेट करण्याआधी कुठल्या बाजूचं स्केल वाचताय ते बघा.