दोन दारांचे घर : व्हिक्टोरियन गॉथिक आणि माणसाचे दुहेरीपण यांवर उत्तर कसे लिहावे

व्हिक्टोरियन गॉथिक म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातील इंग्रजी भयकथा; या विषयावर लिहायला बसलेला विद्यार्थी बहुधा पहिल्या परिच्छेदात धुके, ओसाड वाडा, वादळ आणि भूत यांची यादी देतो आणि दुसऱ्या परिच्छेदात ‘जेकिल म्हणजे सत्प्रवृत्ती, हाइड म्हणजे दुष्प्रवृत्ती’ असे लिहून मोकळा होतो. नागपुरात इंग्रजी साहित्याच्या उत्तरपत्रिका तपासताना ही जोडी मी इतक्या वेळा पाहिली आहे, की ती कुठल्या गाईडमधून उतरते हे विचारणेही सोडून दिले आहे. त्यातील यादी निरुपयोगी आहे, आणि दुसरे विधान तर सरळ चुकीचे आहे.

म्हणून आधी एकच पुस्तक निवडावे आणि ते मुळातून वाचावे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची डॉ. जेकिल आणि मि. हाइड यांची कथा १८८६ साली प्रसिद्ध झाली; तिच्यातील डॉ. जेकिल स्वतः तयार केलेले औषध पिऊन हाइड नावाचा दुसराच माणूस बनतो. तिची प्रकरणे अवघी दहा आहेत, त्यामुळे मे महिन्यातील एका दुपारी कूलरसमोर बसून ती वाचून होते. वाचताना प्रत्येक गॉथिक संकेताला एक प्रश्न विचारावा : हा संकेत पूर्वी कुठे होता आणि इथे त्याचे काय झाले? १७६४ साली होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ या कादंबरीने या प्रकाराचा पाया घातला, तेव्हा भय दूरच्या काळातील इटलीतल्या किल्ल्यात होते, आणि कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत ती एका जुन्या, सापडलेल्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर असल्याची बतावणीही होती. शार्लट ब्राँटेच्या १८४७ मधील ‘जेन एअर’मध्ये तेच भय इंग्लंडमधील एका घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेले आढळते. स्टीव्हन्सनच्या हाती ते लंडनमधील एका प्रतिष्ठित डॉक्टरच्या घरी येते, आणि सापडलेल्या हस्तलिखिताच्या जागी वकिलाच्या तिजोरीतील मृत्युपत्र व सीलबंद पाकिटे येतात.

सर्वांत जास्त वेळ दारावर खर्च करावा. पहिल्या प्रकरणातील, हाइड वापरतो त्या दाराला घंटा नाही, ठोकण्यासाठी कडी नाही, रंगाचे पोपडे निघालेले आहेत आणि त्या बाजूला इमारतीला एकही खिडकी नाही. कोपरा वळून चौकात गेले की ऐश्वर्याचा आणि सुखवस्तूपणाचा थाट मिरवणारा जेकिलच्या घराचा दर्शनी भाग लागतो. ही दोन्ही एकाच वास्तूची अंगे आहेत, हे पहिले प्रकरण उघडपणे सांगत नाही. नागपूरच्या महाल भागातील जुना वाडा पाहिलेल्या वाचकाला ही रचना चटकन कळते : पुढच्या दाराने पाहुणे येतात, आणि मागच्या दाराने गल्लीत कोण कधी उतरते याची चौकशी करणे शिष्टसंमत नसते. उत्तरात दाराचे नुसते वर्णन देऊन थांबू नये. माणसाविषयीचे म्हणणे इथे वास्तूच्या रचनेतून मांडले आहे, असे स्पष्ट लिहावे. धुक्याचेही तसेच. सोहो या लंडनमधील वस्तीतील तपकिरी धुके कोळशाच्या धुराचे आहे (कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही), आणि पुढे ते घरांच्या आतही साचू लागते, एवढे नोंदवले तरी पुरते.

आता दुहेरीपणाकडे वळावे, आणि इथे सावध राहावे. औषध घेतल्यावर प्रकटणारा हाइड निव्वळ दुष्ट असतो, पण जेकिल निव्वळ सज्जन होत नाही. तो पूर्वीसारखाच सरमिसळ राहतो, आणि हे तो स्वतःच्या निवेदनात मान्य करतो. म्हणजे तराजूची दोन पारडी इथे नाहीत. एका बाजूला संपूर्ण माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच एक तुकडा. हाइड अंगाने लहान आहे आणि जेकिलचे कपडे त्याला ढगळ होतात, याचे कारणही जेकिल देतो : त्याच्यातील ही बाजू तोवर फार कमी वापरली गेली होती. मीही काही वर्षे वर्गात ‘दोन सारखे अर्धे’ असेच शिकवीत असे. या ढगळ कपड्यांनी ती चूक लक्षात आणून दिली.

आपल्याकडील वाचकाची आणखी एक अडचण होते. परकायाप्रवेश किंवा अंगात येणे या कल्पना मनात असल्याने हाइड बाहेरून आला असे वाटते. षड्रिपूंची कल्पना त्याहून जवळची आहे, पण रिपू जिंकायचे असतात, आणि जेकिलला काहीही जिंकायचे नाही. अब्रूला धक्का न लागता सुख भोगता यावे, एवढीच त्याची इच्छा आहे. म्हणून तो हाइडसाठी सोहोत घर घेतो, त्याच्या नावे बँकेत खाते उघडतो आणि स्वतःचेच अक्षर उलट्या बाजूला कलते करून त्याला सही देतो. पुढे एक कारकून दोन्ही अक्षरांतील साम्य नेमके ओळखतो. खाते आणि सही यांचा उल्लेख मी तपासलेल्या उत्तरांत क्वचितच आढळतो. वास्तविक दुभंगलेपणाचा सगळा व्यवहार तिथेच उघडा पडतो.

तुलना हवी असल्यास ऑस्कर वाइल्डची डोरियन ग्रेची कथा घ्यावी. ती १८९० साली मासिकात आणि १८९१ साली पुस्तकरूपाने आली, आणि तिथे पापाच्या खुणा शरीराऐवजी चित्रावर उमटतात. १८९७ चा ‘ड्रॅक्युला’ या प्रश्नासाठी कमी उपयोगी आहे, कारण तिथे संकट परदेशातून येते. लंडनमधील ‘जॅक द रिपर’ या अज्ञात खुन्याच्या हत्यांवरून स्टीव्हन्सनला कथा सुचली असे मात्र लिहू नये. त्या हत्या १८८८ मधील, म्हणजे पुस्तकानंतरच्या आहेत. एडिंबरोतील विल्यम ब्रोडीचा उल्लेख चालेल : दिवसा प्रतिष्ठित सुतार-कारागीर, रात्री घरफोड्या, १७८८ साली फाशी. स्टीव्हन्सनने त्याच्यावर सहलेखनात नाटकही लिहिले होते.

शेवटचे प्रकरण, म्हणजे जेकिलचे निवेदन, पेन्सिल हातात घेऊन वाचावे आणि प्रत्येक ‘मी’ व प्रत्येक ‘तो’ अधोरेखित करावा. जेकिल हाइडविषयी कधी ‘मी’ म्हणतो, कधी ‘तो’ म्हणतो, आणि एका ठिकाणी आपल्याला ‘मी’ म्हणवत नाही, अशी कबुलीही देतो. उत्तराचा समारोप शेवटच्या वाक्यावर करावा. त्यात लिहिणारा म्हणतो, की त्या दुर्दैवी हेन्री जेकिलचे आयुष्य मी इथे संपवतो. त्यानंतर कथा, जिचा शोध घेत आलेल्या जेकिलच्या मित्र-वकिलाकडे, परत जात नाही, आणि हा ‘मी’ नक्की कोणता, हे सांगायला कोणी उरत नाही.