शिशाने बाधित जमीन साफ करण्याचं काम : खान्देशातल्या नवख्यांसाठी

एन्व्हायर्नमेंटल सायन्स किंवा सिव्हिल करून या कामात यायचं म्हणणारी आपल्याकडची मुलंमुली आधी विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी माती शिका, आणि तीही आपली काळी माती.

माझं या क्षेत्रातलं पहिलं मोठं काम जळगाव जिल्ह्यातल्या एका बंद भट्टीच्या आवारात होतं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, ॲसिड ओतून द्यायचं, प्लेटा वितळवून शिसं काढायचं, असा तिथला धंदा. भट्टी बंद झाली, पत्रे भंगारात गेले, शिसं मात्र मातीत राहिलं. ते कुजत नाही की विरत नाही. धुळीतून मुलांच्या हाताला लागतं, हातातून तोंडात जातं आणि वाढत्या मेंदूवर घाव घालतं. रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं.

साइटवर गेल्यावर यंत्र काढायच्या आधी माणसांशी बोला. बॅटऱ्या कुठे फोडत, मळी कुठे टाकत, पाणी कुठल्या नाल्याला जाई, उन्हाळ्यात धूर कोणत्या वस्तीकडे जाई, हे नकाशावर नसतं. आमच्या साइटवरच्या म्हाताऱ्या राखणदाराने कुंपणाकडे बोट करून सांगितलं, ‘तठे गवतबी उगस नही, ताई.’ तिथेच ॲसिड ओतत असत. नमुन्यांची चौकट आम्ही त्या कोपऱ्यात दाट केली, म्हणजे तिथे जवळजवळचे नमुने घेतले, आणि सगळ्यात जास्त शिसं तिथेच निघालं.

आता काळ्या मातीचं. शिसं सहसा वरच्या वीतभर थरात अडकून बसतं, असं पुस्तकात वाचाल. ते खरंच आहे, कारण चिकणमाती आणि चुना त्याला धरून ठेवतात. पण आपली जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि वरची बाधित माती त्या भेगांतून खोल पडते. पावसात जमीन फुगून भेग मिटते, शिसं आतच राहतं. म्हणून वरच्या १५ सेंटिमीटरवर थांबू नका. १५ ते ३०, ३० ते ६० आणि भेगा असतील तिथे त्याखालचाही नमुना वेगळा घ्या. सगळे थर एकत्र कालवले तर आकडा सौम्य दिसतो आणि निर्णय चुकतो.

हातातल्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी मातीतले धातू मोजतं ते) जागेवरच आकडा मिळतो, पण ओल्या मातीत तो कमी दाखवतो. माती वाळवा, कुटा, चाळा. हाताला चिकटते ती बारीक माती, म्हणून १५० मायक्रॉनखालचा भाग वेगळा तपासा. काही नमुने आम्लात विरघळवून प्रयोगशाळेत आयसीपीवर, म्हणजे धातू अचूक मोजणाऱ्या यंत्रावर, ताडून घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने राहत्या जागेच्या मातीसाठी शिशाची तपासणी-पातळी (तिच्यावर आकडा गेला की पुढची चौकशी करायची) २०२४च्या जानेवारीत किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली. जुन्या अहवालांशी तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

साफसफाईच्या पद्धतींत माती धुणं ऐकायला छान वाटतं. वाळूच्या जमिनीत ते जमतंही. काळ्या मातीत शिसं चिकणकणांनाच धरून असतं, त्यामुळे हाती गाळाचं तळं उरतं. मोहरी लावून शिसं शोषून घेण्याची कल्पना अनेक नवख्यांना मोहवते. ती फार संथ आहे, आणि वेग वाढवायला ईडीटीए हे धातू मातीपासून सोडवणारं रसायन टाकलं तर शिसं सुटून विहिरीकडे जाऊ शकतं. वस्तीशेजारी मी हा मार्ग कधीच सुचवणार नाही.

मध्यम बाधित भागात फॉस्फेट मिसळतात. शिशाचं पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सुपर फॉस्फेट आपल्या कापूसवाल्यांच्या घरोघरी असतं, त्यामुळे गावकऱ्यांना हे पटकन समजतं. पण चुनखडीच्या जमिनीत फॉस्फेटला कॅल्शियमच आधी पकडतं. त्यामुळे त्याच जागेच्या मातीवर छोटी चाचणी घेतल्याशिवाय मात्रा ठरवू नका. जास्त झालेलं फॉस्फेट पावसात नाल्याला जातं. यात मातीतलं एकूण शिसं कमी होत नाही, त्याचं सुटणं कमी होतं, हे अहवालात स्पष्ट लिहा. सुटतं किती, हे टीसीएलपी चाचणीत कळतं. तिची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम.

अति बाधित माती खोदून रांजणगाव, तळोजा किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर न्यावी लागते. इथून ती सगळी लांब, म्हणून खर्चाचा मोठा वाटा वाहतुकीचा. ताडपत्री, चाकं धुण्याची जागा आणि फॉर्म १० (घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा नोंदकागद) यांशिवाय ट्रक हलवू देऊ नका.

खोदकाम दिवाळी ते होळीदरम्यान उरका. पावसात मशीन रुततं, आखाजीनंतर धूळ आणि ४४-४५ अंशांचा तडाखा. त्या उन्हात मास्क कोणी तोंडावर ठेवत नाही. मास्क बारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचाच हवा, माती ओलसर ठेवायची, साइटवर बिडी-तंबाखू-जेवण बंद. कामाचे कपडे आणि बूट घरी न्यायचे नाहीत, अंघोळ तिथेच. मजुरांच्या कपड्यांवरून शिसं त्यांच्या लेकरांपर्यंत जातं. कामावर रुजू होण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने रक्तातलं शिसं तपासून मागा, स्वतःचं आणि मजुरांचंही. कंत्राटदार खळखळ करतो. तरी मागा.

शिक्षणाचं थोडक्यात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञान प्रशाळा आहे. एमटेकसाठी गेटमध्ये २०२१पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. केमिस्ट्रीवाल्यांनी मृदाशास्त्र आणि सिव्हिलवाल्यांनी केमिस्ट्री मुद्दाम शिकावी. पहिली नोकरी बहुधा प्रयोगशाळेत नमुने वाळवण्या-चाळण्याची मिळेल, ती घ्या. बाधित जागांसाठी देशात २०२५मध्ये स्वतंत्र नियम आले. आता संशयित जागांची प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळांना करावी लागणार, म्हणजे नमुने नीट घेणारी माणसं लागतील. मुलाखतीला जाण्याआधी ते नियम मुळातून वाचा आणि बॅटरी कचऱ्याचे २०२२चे नियमही सोबत घ्या.