बारा-एची नोटीस: संस्थेच्या नावाचं स्पेलिंग

लक्षण: सोलापुरात नोंदलेली संस्था, बारा-ए म्हणजे आयकर सवलतीच्या नोंदणीसाठी दहा-एबी फॉर्म भरल्यावर आयकर खात्याची नोटीस की पॅन आणि नोंदणी दाखल्यावरचं नाव जुळत नाही. दाखला मराठीत, पॅन इंग्रजीत. ‘बहुउद्देशीय’मध्ये घोळ: पॅनवर एकच यू, बँकेत दोन. खुलाशाचं पत्र आणि स्टॅम्पवरचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही वाया. वैताग आला.

शेवटी चाललं ते असं. आधी कार्यकारिणीचा ठराव, त्यात इंग्रजी नाव अक्षरागणिक लिहून एकच ठरवलं. मग दाखल्यांचा नोटराइज्ड इंग्रजी अनुवाद. दाखले दोन असतात, हे बरेच जण विसरतात: 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याचा आणि धर्मादाय कार्यालयाचा ‘एफ’ क्रमांकाचा. दोन्ही जोडून पॅन दुरुस्तीचा अर्ज. नवं पॅन आल्यावरच बँक, मग आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवरचं प्रोफाइल. हा क्रम उलटा केला तर बँक जुनं पॅन बघून अर्ज परत करते. त्यानंतर नोटिशीला उत्तर, मुदतीच्या आत. मुदत कमी पडत असेल तर पोर्टलवरूनच वाढवून मागायची.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आहे, त्यामुळे फॉर्मचा क्रमांक पोर्टलवर बघून घ्या.