तळ्याची तयारी दोनदा करायची, मेमधी एकदा आणि पोळ्याला परत

मंडळी, पारा 43 ला टेकलाय, आपल्या सोसायटीच्या आवारातल्या पावसाच्या पाण्याच्या तळ्याचा तळ दिसायला लागलाय, म्हणजे आत उतरायचं असेल तर आत्ताच. आधी इनलेटच्या, म्हणजे तळ्यात पाणी आणणाऱ्या पायपाजवळ जाऊन बसा. पाऊस नाही, काही नाही आणि तरी पायपातनं बारीक धार चालू असेल तर ते कुणाच्या तरी बाथरूमचं पाणी आहे, वासावरनं कळतंच, मग कुठल्या विंगची लाईन चुकून पावसाच्या गटारीला जोडलीय ते शोधायचं. हे न करता नुसती जलपर्णी काढत बसलं तर सोलापूरच्या कंबर तलावागत दरवर्षी तेच काम, कारण सांडपाण्यावरच ती पोसते.

कचरा अडवणाऱ्या जाळीचं तर विचारूच नका. मागच्या वर्षी पहिल्या पावसानंतर मी हात घालून काढलं तर गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल आणि बाकी सगळ्या यंत्रमागावरच्या चिंध्या अन् सुताचा गुंता, ओला झाला की असा घट्ट बसतो की पाणी थेंबभर जात नाही, कोयत्यानं कापावा लागला. जाळी आत्ता साफ करून घ्या, आणि पाऊस सुरू झाला की प्रत्येक मोठ्या सरीनंतर.

गाळ किती साठला ते अंदाजानं नको, वेळूला खुणा करून दरवर्षी त्याच तीन ठिकाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. गाळ शेतकरी आनंदानं नेतात, पण पार्किंगच्या बाजूचा तेलकट काळा गाळ कुणाच्या रानात टाकू नका, तो वेगळा. बांधावर घुशीची बिळं दिसली तर नुसती माती लोटून भागत नाही, खणून मुरूम ठोकून बुजवायची. हराळी राहू द्या, वेडी बाभूळ मात्र रोप असतानाच उपटा, मुळं वाळली की त्याच वाटेनं बांधातनं पाणी पाझरतं.

आता सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट, आणि इथं मला कबुली द्यायचीय. मागच्या ऑगस्टमधी वाळूची पोती लावून तो मीच बंद केला होता. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, बोअर मार्चमधी आटतं, भरलेलं तळं सोडून द्यायला जीवच होत नाही ओ, सिद्धेश्वरांनी तळं खोदलेल्या गावातली माणसं आपण. पण हे तळं साठवायचं नाही, एकदम आलेलं पाणी तासभर धरून सावकाश सोडायचं, त्यासाठी ते थोडं रिकामंच पाहिजे. हिशेब करा की, 1 एकरावर 25 मिलिमीटर पडला की 1 लाख लिटर, आपलं आवार 4 एकर. सप्टेंबरच्या त्या रात्री ते सगळं बी विंगच्या पार्किंगमधी आलं, 11 गाड्या आणि लिफ्टची मोटर. पाणी पाहिजे असेल तर गच्चीचं पाणी फिल्टर लावून बोअरला सोडू, पण सांडव्याला हात लावायचा नाही.

आणि सोलापुरात मृगापेक्षा सप्टेंबरचा पाऊस जास्त झोडपतो, मेमधी केलेली सफाई तोवर परत तुंबलेली असते. म्हणून पोळ्याच्या आसपास दुसरी फेरी. गणपती तळ्यात नाही, कुंड आणू. डासांसाठी आरोग्य खात्याकडून गप्पी मासे आणायचे, पण आठवड्यातनं एक दिवस कुंड्यांच्या ताटल्या, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करणं प्रत्येकाच्या घरचं काम.

बाकी पटकन: बागेतल्या दिव्यांचं अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) वायरमनकडून तपासा, उघडी वायर एक पण नको. झोपाळ्याच्या साखळ्या आणि नटबोल्ट. क्लबहाऊसच्या गच्चीचे पायप. लिफ्टच्या खड्ड्यातला पंप चालू करून बघा, नुसता बसवलाय म्हणून सोडू नका. तळ्याचं रेलिंग हलतंय, पोरं तिथंच चढतात, ते सगळ्यात आधी. कुणी पाण्यात पडलं तर काढायला दोर आणि टायरची रिंग बाहेर लटकवा, कुलपात नको.

पैशाचं: सोसायटीच्या उपविधीप्रमाणं बांधकाम खर्चाच्या 0.75 टक्के दरवर्षी दुरुस्ती निधीत जमायला पाहिजेत, गाळ त्यातनं काढू, दर वेळी दारोदार वर्गणी नको.

शेवटचं, पंपाच्या खोलीची चावी वॉचमन मामांच्या केबिनमधी खिळ्यालाच राहील, त्या रात्री ती माझ्या खिशात होती आणि मी अक्कलकोटला.