जपानला काइगोच्या कामाला जायचंय? मग आधी पाच वर्षांचा हिशोब मांडा

काइगो म्हणजे म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचं काम, आणि जपानमध्ये त्याला माणसं कमी पडतायत हे आता सगळ्यांना माहितीये. ६५ च्या वरचे लोक जवळपास २९ टक्के, २०२४ मध्ये अख्ख्या देशात जेमतेम ६ लाख ८६ हजार बाळं जन्मली, आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाचाच अंदाज आहे की २०४० ला २७ लाखांच्या वर केअर वर्कर लागतील, २०२२ ला होते साधारण साडेएकवीस लाख. तर नोकरी मिळते, तिचं फार टेन्शन घेऊ नका. टेन्शन घ्यायचं ते व्हिसाची ५ वर्षं संपल्यावर काय याचं, आणि नेमकं त्यावरच एजंट लोक काही बोलत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपल्याकडचे बरेच जण जातात ते तोकुतेई गिनो म्हणजे स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर नावाच्या व्हिसावर. हा एप्रिल २०१९ ला सुरू झाला, भारताशी करार जानेवारी २०२१ ला झाला. यात नंबर १ आणि नंबर २ असे दोन प्रकार. नंबर १ वर सहसा एकूण ५ वर्षं राहता येतं आणि बायको, नवरा, मुलं यांना नेता येत नाही. नंबर २ ला अशी मुदत नाही, फॅमिलीही चालते, पण काइगोला नंबर २ नाहीच. म्हणजे हॉटेल, बांधकाम, शेती यातला माणूस नंबर २ ला जाऊ शकतो, काइगोवाला नाही. त्याच्यासाठी वाट वेगळी आहे, काइगो फुकुशिशी म्हणजे सर्टिफाइड केअर वर्करची सरकारी परीक्षा पास करायची आणि 'काइगो' नावाच्या व्हिसावर जायचं. तो हवा तितक्या वेळा वाढवून मिळतो आणि फॅमिली नेता येते. पर्मनंट रेसिडेन्सीचं डोक्यात असेल तर हेही बघा, त्यासाठी साधारण १० वर्षं राहावं लागतं आणि त्यातली ५ कामाच्या व्हिसावरची लागतात, पण त्या ५ मध्ये नंबर १ ची वर्षं धरतच नाहीत.

आता हिशोब. ही परीक्षा वर्षातून एकदाच असते, जानेवारीत. बसायला ३ वर्षं कामाचा अनुभव लागतो आणि जित्सुमुशा केन्शू नावाचा कोर्स, तो ४५० तासांचा. अनुभव परीक्षेच्या दिवशी पूर्ण असायला हवा असं नाही, त्याच वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत होणार असेल तरी बसू देतात. समजा तुम्ही १ एप्रिल २०२७ ला कामाला लागलात, तर मार्च २०३० अखेर ३ वर्षं भरतात, म्हणजे जानेवारी २०३०, २०३१ आणि २०३२ असे तीन चान्स. तेच जूनमध्ये लागलात तर मार्च २०३० ला तीन वर्षांना दोन महिने कमी पडतात, पहिला चान्स गेला, राहिले दोन. दोन महिन्यांच्या फरकाने अख्खा एक चान्स जातो बघा. त्यामुळे जॉइनिंग डेट जमेल तशी एप्रिलच्या सुरुवातीला किंवा थोडी आधी धरा आणि सगळी तयारी त्या तारखेपासून उलटी मोजा.

चान्सला इतकं महत्त्व का, तर निकाल बघा. २०२५ च्या परीक्षेत सगळे मिळून ७८ टक्क्यांच्या आसपास पास झाले, पण तोकुतेई गिनोवाल्यांमध्ये साधारण तिघांतला एक. काम येत नाही म्हणून नव्हे हो, पेपर जपानीत असतो म्हणून. २०२६ पासून एक सोय झालीये, पेपर तीन भागांत वाटलाय आणि जो भाग निघाला तो पुढची दोन वर्षं परत द्यावा लागत नाही. कांजीवर, म्हणजे जपानीतल्या चित्रलिपीच्या अक्षरांवर, उच्चार छापलेला पेपरही मागता येतो, फॉर्म भरतानाच मागायचा.

म्हणून भाषा. जेएलपीटी आणि जेएफटी बेसिक या जपानी भाषेच्या परीक्षा, जेएलपीटीत एन५ सगळ्यात सोपी, मग एन४, मग एन३. कागदावर जेएलपीटी एन४ किंवा जेएफटी बेसिक एवढंच लागतं. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरला असते, जेएफटी कॉम्प्युटरवर, २५० पैकी २०० लागतात आणि स्कोअर त्याच दिवशी स्क्रीनवर दिसतो. घाई असेल तर जेएफटी, पण माझं मत विचाराल तर एन४ वर थांबून विमानात बसू नका, निदान एन३ चा अभ्यास अर्धा तरी करून जा. तिथे शिफ्ट बदलताना मोशिओकुरी असते, रात्री कोण पडलं, कोणाला ताप होता, कोणी जेवलं नाही हे सगळं भराभर सांगतात, ते समजलं नाही तर तुमच्या वाट्याला फक्त ओमुत्सु म्हणजे डायपर बदलायचं आणि आंघोळीचं काम राहतं, रेकॉर्ड लिहायला कोणी देत नाही आणि रेकॉर्ड लिहिल्याशिवाय परीक्षेची भाषा अंगवळणी पडत नाही. शिवाय आजी-आजोबा पुस्तकातलं जपानी बोलत नाहीत, गावाकडची बोली बोलतात, दात नसतात, आवाज बारीक असतो. त्याची तयारी कुठलाच क्लास करून घेत नाही, तिथेच होते.

भाषेशिवाय अजून दोन टेस्ट आहेत, काइगोची स्किल टेस्ट आणि काइगोची जपानी. दोन्ही प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर कॉम्प्युटरवर होतात. पहिली ४५ प्रश्नांची, दुसरी १५ प्रश्नांची. सॅम्पल प्रश्न आणि अभ्यासाचं पुस्तक जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर फुकट आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. या दोन्ही टेस्ट भाषेच्या परीक्षेच्या मानाने सोप्या जातात.

पैशाचं नीट ऐका. भारतातून परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आणि नंबर शोधता येतो. सापडला नाही तर विषय संपला. लायसन्सवाला एजंट सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढाच घेऊ शकतो. मग लाखांत आकडा सांगतात तो कसा, तर ट्रेनिंग, हॉस्टेल, डॉक्युमेंट असं करून. ट्रेनिंगची फी घेणं वेगळं आणि नोकरीची फी घेणं वेगळं, म्हणून प्रत्येक रकमेची वेगळी पावती मागा आणि क्लास सोडला तर किती परत मिळणार ते लिहून घ्या. मधेच काम सोडलं तर इतका दंड, किंवा आधी डिपॉझिट ठेवा, असं कोणी लिहून घेत असेल तर या व्हिसाच्या नियमात ते चालतच नाही. पासपोर्ट कंपनीकडे ठेवायचा हेही नाही. एजंट 'गिनो जिश्शू' म्हणत असेल तर ती जुनी १९९३ पासूनची ट्रेनी स्कीम, तिच्यात सहसा मालक बदलता येत नाही आणि एप्रिल २०२७ पासून तिच्या जागी नवीन पद्धत येणारे, त्यामुळे कुठल्या व्हिसावर पाठवताय हे पहिल्या भेटीतच विचारा.

इंटरव्ह्यू बहुतेक ऑनलाइन होतो. नंतर कॉन्ट्रॅक्ट येतं, जपानीत आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत, दोन्हीत. तेच काम करणाऱ्या जपानी माणसापेक्षा पगार कमी देता येत नाही. सांगितलेला आकडा मात्र कपातीच्या आधीचा असतो. २०२५ चा किमान वेतनाचा देशाचा सरासरी दर तासाला १,१२१ येन, महिन्याचे १६० तास धरले तर साधारण १ लाख ८० हजार, आणि त्यातून हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन, रोजगार विमा, इन्कम टॅक्स, घरभाडं जातं. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी टॅक्सही सुरू होतो, तेव्हा हातातला पगार अचानक कमी दिसतो, मालकाने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका. याकिन म्हणजे नाइट शिफ्ट महिन्यात किती आणि एकेकीचे किती मिळतात हे विचाराच, हातात येणाऱ्या पैशात खरा फरक त्यानेच पडतो. घरी किती पाठवणार हा आकडा दुसऱ्या वर्षाच्या पगारावर ठरवा.

ठरलं की कंपनी इमिग्रेशनकडे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी या व्हिसाआधी लागणाऱ्या कागदासाठी अर्ज करते, त्याला एक ते तीन महिने धरा, आणि हातात आलं की तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये शिरायचं असतं. एप्रिलचं गणित इथेच बिघडतं, तेव्हा अर्ज कधी टाकणार हे कंपनीला आधीच विचारा. पोचल्यावर एअरपोर्टवर झाइर्यू कार्ड म्हणजे तिथे राहण्याचं ओळखपत्र मिळतं, घर ठरलं की १४ दिवसांत तिथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा. बँक, मोबाइल, घर यात मदत करणं कंपनीची जबाबदारी आहे आणि त्याचा खर्च तुमच्याकडून घ्यायचा नाही.

मालक जमला नाही तर काइगोमध्येच दुसरीकडे जाता येतं, पण नवीन जागेसाठी इमिग्रेशनची परवानगी परत घ्यावी लागते आणि ती हातात येईपर्यंत तिथे काम करता येत नाही. तेव्हा नवीन ऑफर पक्की करूनच राजीनामा द्या, मधल्या काळाचे पैसे बाजूला ठेवा आणि अनुभवाचा दाखला जुन्या जागेकडून न विसरता घ्या, परीक्षेच्या फॉर्मला तो लागतो.

शेवटचं, आणि हे इंटरव्ह्यूतच विचारायचं. जित्सुमुशा केन्शूची फी कंपनी देते का, त्यासाठी सुट्टी देते का, आणि त्यांच्याकडे आजवर किती परदेशी लोक काइगो फुकुशिशी झाले. परीक्षेचे फॉर्म ऑगस्टच्या सुमाराला निघतात आणि आधी काइगोचा कुठलाच कोर्स न केलेल्या माणसाला हा कोर्स सहाएक महिने खातो, म्हणून दुसरं वर्ष संपता संपता त्यात नाव घालायचं. या तीन प्रश्नांवर जी कंपनी गोलमोल बोलते ती पगार दहा हजार येन जास्त देत असली तरी मी दुसरी बघेन.