येशूचं बलिदान समजून घ्यायचंय? या क्रमाने वाचा
येशू आपल्या पापांसाठी मेला म्हणजे नक्की काय, हे कळत नसेल तर डायरेक्ट क्रूसापासून सुरू करू नका. आधी बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 16वा अध्याय काढा (पुढची नावंही बायबलच्याच पुस्तकांची), तिथे दोन बकरे आहेत, एकाचा बळी जातो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापं ठेवून त्याला रानात सोडतात, आणि हे दरवर्षी करायला लागायचं. मग इब्री 10 वाचा, म्हणजे येशूच्या बलिदानाबद्दल तिथे 'एकदाच' या शब्दावर एवढा जोर का ते कळतं. मार्क 10:45 मधल्या 'खंडणी'ला दचकू नका, भाईलोकांची नाही हो, गुलाम सोडवायला भरतात ती किंमत. शेवटी लूक 23, बाजूच्या क्रूसावरचा गुन्हेगार, ना बाप्तिस्मा ना पुण्य, येशूला नुसतं आठवण ठेव म्हणतो आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळतं त्याला. इथे घाई नको, दोनदा वाचा.