नाट्यसंगीत ऐकलेल्या सोलापूरकराने ऑपेरा कसा ऐकावा

हुतात्मा स्मृती मंदिरात संगीत नाटकांना आवर्जून जाणाऱ्या सोलापूरकर रसिकाने ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, ऐकायला घेतला, तर पहिल्या दहा मिनिटांतच त्याचा हिरमोड होण्याचा संभव अधिक असतो, कारण त्याचा कान नकळत आलापाची, तानेची आणि समेची वाट पाहत राहतो. ऑपेरात पद रंगवत नेण्याची मुभा गायकाला जवळजवळ नसते. स्वर संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेले असतात आणि गायकाचा कस लागतो तो त्या लिहिलेल्या स्वरांतून पात्र उभे करण्यात. श्वास कोठे घेतला, कोणत्या शब्दावर जोर दिला, लांबवलेला स्वर कसा विरत नेला, याकडे लक्ष ठेवावे.

सुरुवातीला संपूर्ण प्रयोग लावून बसू नये. इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा घ्यावा आणि त्याचे कथानक आधी वाचून काढावे. गोष्ट ठाऊक असल्याने येथे रसभंग होत नाही. व्हेनिसमध्ये 1853 साली प्रथम रंगभूमीवर आलेल्या या कलाकृतीत क्षयाने ग्रासलेली पॅरिसची गणिका व्हिओलेत्ता आणि तिच्यावर जीव जडलेला अल्फ्रेदो यांची कथा आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी ती एकटी उरते, प्रेमाच्या विचाराने क्षणभर हळवी होते आणि मग तो विचार झटकून, आपण मुक्तच राहणार असे द्रुत लयीत गाऊ लागते. येथील स्वरांच्या लडी ऐकून आपल्याला तानांची आठवण होईल, पण त्या प्रत्यक्षात तिने स्वतःची घातलेली समजूत आहेत, कारण मध्येच पडद्याआडून अल्फ्रेदोचा आवाज येतो आणि तिचा निर्धार डळमळतो. शेवटी अनेक गायिका जो अतितार स्वर लावतात, तो व्हेर्दीने लिहिलेला नाही, परंपरेने रूढ झाला आहे. मुभा नसते या नियमाला एवढी पळवाट आहे.

आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदे आलटून-पालटून येतात. या ऑपेरात मात्र संवादही गाऊनच म्हटले जातात. म्हणूनच तिसऱ्या अंकात मरणासन्न व्हिओलेत्ता अल्फ्रेदोच्या वडिलांचे पत्र न गाता नुसते वाचते आणि त्याच वेळी वाद्यवृंदात पहिल्या अंकातील प्रेमाची धून मंदपणे वाजते, तेव्हा ते साधे बोलणे फार परिणाम करते.

आवाजांच्या वर्गवारीत आरंभी फार अडकू नये. स्त्रियांमध्ये उंच आवाजाची सोप्रानो व त्याखालची मेझो-सोप्रानो आणि पुरुषांमध्ये उंचाकडून खाली टेनर, बॅरिटोन व बास एवढे पुरे. बहुधा नायक टेनर असतो आणि वडीलधारी माणसे खालच्या पट्टीत गातात. संगीतकार मोझार्टच्या 1786 सालच्या ‘फिगारोचे लग्न’ या ऑपेरात किशोरवयीन केरुबिनोची भूमिका स्त्री करते. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये.

हे गायक परंपरेने ध्वनिक्षेपकाविना गातात. प्रशिक्षित आवाजात, विशेषतः पुरुषांच्या, सुमारे 3000 हर्ट्झच्या आसपासची ध्वनिऊर्जा वाढलेली असते. वाद्यवृंदाचा जोर त्या पट्ट्यात कमी असल्यामुळे आवाज वाद्यांवरून पार शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर यातले काही कळत नाही, चांगले हेडफोन वापरावेत.

यानंतर पहिल्या अंकाचा तोच शेवट मारिया कॅलास आणि जोन सदरलँड या दोन विख्यात सोप्रानो गायिकांच्या आवाजात लागोपाठ ऐकावा. सदरलँडचा आवाज गोल आणि निर्दोष. कॅलासचा काही ठिकाणी खरखरीत, पण शब्दागणिक भाव बदलणारा. माझे मत कॅलासच्या बाजूचे आहे, मात्र ते कोणी ऐकण्यापूर्वीच स्वीकारू नये.

प्रत्यक्ष प्रयोगासाठी मुंबई गाठावी लागते. 2016 साली पुन्हा खुले झालेले रॉयल ऑपेरा हाऊस आणि नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे कलाकेंद्र यांच्या कार्यक्रमपत्रिकांवर लक्ष ठेवावे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोहोचवते. संहितेचे भाषांतर पडद्यावर दाखवणार आहेत का, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे.